हाती न लागलेली सात मिनिटं

"फार हसू नोको, इंदे. हसण्याचे दिवस लवकर सरतात," असं माझी माय म्हणायची. रागानं नाही म्हणायची. पापडाच्या पिठाला तेलाचा हात लावता लावता, मान वर न करता म्हणायची. तवा तापलाय, बोट लावू नको, हे जसं सहज सांगतात तसं. आमच्या पहूरकडच्या गावात सगळ्याच बाया असं म्हणत. सुखाचा दिवस भुर्रकन उडतो आणि दुःखाचा दिवस म्हशीसारखा दारात बसून राहतो, म्हणून सुखाच्या नादी लागू नये, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आता ऐंशी ओलांडल्यावरही पटत नाही. परवा बागेत आमच्या म्हाताऱ्यांच्या बैठकीत एका निवृत्त प्राध्यापकांनी याच विषयावर भाषण केलं. सुख क्षणिक आहे, ते आलं कधी नि गेलं कधी कळत नाही, सबब माणसानं अलिप्त राहावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गुडघ्यावर हात टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "सर, लवकर जातं तर जाऊ द्या की. तुम्ही फाटकात उभं राहून त्याची वाट कशाला अडवता?" लोक हसले, प्राध्यापक नाराज झाले आणि चहा आला. पण घरी येताना मला वाटलं, आपण अर्धंच बोललो. उरलेलं इथं लिहिते.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. मी चौथी झाले आणि माझ्या वडिलांच्या, आबांच्या, थोरल्या बहिणीनं, जळगावच्या अक्कानं, निरोप धाडला की माझ्या हाताखाली एक पोर दे. अक्काला मूलबाळ नव्हतं. आबांनी मला धाडलं ते तिला घरकामात मदत व्हावी म्हणून. शाळा ही त्यासोबत आलेली गोष्ट, जशी भाजीसोबत कोथिंबीर. आबा कपाशीवाले. विहिरीच्या अंगाला थोडी केळीही होती. उंच, सडसडीत, पांढऱ्या फेट्याचे आणि बेताचं बोलणारे. गावात त्यांच्या शब्दाला मान होता आणि त्या मानाला ते फार जपत. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यांच्या मागं सावलीसारखा असायचा. माझ्या लहानपणी मी त्यांना मोठ्यानं हसताना पाहिल्याचं मला आठवत नाही.

अक्काचं घर कापसाची सरकी काढायच्या कारखान्याच्या, जिनिंगच्या, मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या आणि पुढं एक ओटा. तिचे यजमान, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांवर देखरेख करायचे. हंगामात त्या गल्लीत हवेत कापूसच असायचा. बारीक तंतू उडत यायचे, दोरीवरच्या लुगड्यांना चिकटायचे, लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्यावर बसायचे. नाना संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि अक्का दारातच म्हणायची, "आला का माझा म्हातारा!" मग नाना तोंड धुऊन परत तरुण व्हायचे आणि आम्ही तिघं जेवायला बसायचो. अक्का वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, ओट्याच्या कडेला. हिरव्या मिरच्या आणि लसूण लाकडी बडग्यानं ठेचायची. कांद्याची हिरवी पात, वरून कच्चं तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची काळसर भाकरी. पहिल्या थंडीत त्या भरिताचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि नानांचे सोबती काही ना काही निमित्त काढून ओट्यावर टेकायचे. अक्का कुणाला परत पाठवत नसे. ताटं कमी पडली की केळीची पानं यायची.

आणि भोंगा. जिनिंगचा भोंगा आमचं घड्याळ होता. सकाळी तो वाजला की चूल पेटायची, दुपारी वाजला की नानांचा डबा जायचा, संध्याकाळी वाजला की दिव्याच्या काचा पुसायच्या. असा आवाज की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. शेजारचे बहिरे आजोबासुद्धा त्या आवाजाला मान वळवायचे. पण शाळेत दामले बाई आल्यानंतर तो भोंगा मला ऐकू येईनासा झाला.

दामले बाई पुण्याकडच्या. कसरतीच्या बाई म्हणून आल्या होत्या. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पदर नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला मैदानावर उभं केलं आणि म्हणाल्या, "पळा." कुठं पळायचं, कुणी विचारलं. "कुठंही." बाकीच्या मुली तोंडावर हात ठेवून हसत उभ्या राहिल्या. मी पळाले. मला गावात बांधावरून, केळीच्या बागेतल्या पाटाकाठून पळायची सवय होती, पण ती चोरून. बाई म्हणाल्या म्हणून पळणं ही नवीनच गोष्ट होती. परत आले तेव्हा बाईंनी माझं नाव विचारलं आणि महिनाभरात आमचा खो-खोचा संघ उभा राहिला. बाईंनी गुडघ्याखाली येतील अशा निळ्या विजारी शिवून घेतल्या. परकरात पाय अडकतो, म्हणाल्या. त्या विजारींवरून जळगावात बोललं गेलं, दोन मुलींना घरच्यांनी काढून घेतलं. अक्कानं मात्र माझी विजार हातात धरून उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "शिवण कच्ची आहे. इकडं दे, मी दुहेरी टाके घालते."

ज्यांनी खो-खो खेळला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. एका संघाच्या आठ जणी ओळीनं बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं, आणि नववी पाठलाग करते. दुसऱ्या संघाच्या तिघी पळतात. बसलेलीच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हटलं की ती उठते आणि पाठलाग तिच्याकडे जातो. पळणाऱ्या तिघींना नऊ जणी मिळून पकडतात, तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी येतात. आमच्या वेळी मुलींचा डाव सात मिनिटांचा असे. पाठलाग करणारीला ती सात मिनिटं पुरत नाहीत आणि पळणारीची सरता सरत नाहीत, असं सगळे म्हणत. आमच्यातली कुसुम चांगली पळायची, पण पळता पळता ओरडायची, "बाई, किती राहिली?" माझं तसं नव्हतं. मी पळायला लागले की मला पुढचा खांब, उजवीकडून येणारा हात आणि दोघींच्या मधली फट एवढंच दिसे. शिट्टी झाली की मला राग यायचा.

सरावाहून घरी जायला उशीर व्हायचा. माझं ताट झाकलेलं असायचं. "भोंगा ऐकू आला नाही का?" अक्का विचारायची. "नाही," मी खरं सांगायची. आधी ती रागावायची, मग एक दिवस मैदानाच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं. मात्र नानांना म्हणाली, "पोरीले खरंच ऐकू येत नाही हो. माझ्यासमोर वाजला, मीच दचकले, तिनं मान वळवली नाही." अशी तीन वर्षं गेली. गेली म्हणजे खरंच भुर्रकन गेली, मायचं तेवढं खरं. पण त्या तीन वर्षांतली अक्काची एकेक भाजी, नानांच्या भुवया, दामले बाईंचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता तो, कुसुमच्या वेणीला बांधलेली चिंधी हे सगळं आजही माझ्यापाशी जसंच्या तसं आहे. मला विचारा, मी रात्रभर सांगेन.

मग धुळ्याचे सामने आले. आमचा संघ बाईंबरोबर एस.टी.नं धुळ्याला जायचा होता. अक्कानं परवानगी देऊन टाकली होती आणि गावी कळवलंही होतं. त्यावर आबांचा निरोप आला तो परवानगीचा नव्हता, बेताचा होता. शिंदखेड्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलाचे चुलते कामासाठी धुळ्याला येणार होते, आपल्या एका नात्यातल्यांचं घरही तिथं होतं. पोर धुळ्याला जातेच आहे तर तिथंच दाखवू. खेळ सकाळचा, पाहणं दुपारचं. आबा लुगडं घेऊन परस्पर धुळ्याला येतील. मी पंधरा पुरी करून सोळाव्यात होते. अक्कानं तो निरोप मला सांगितला आणि पाठ करून भांडी घासायला बसली. "अक्का, लग्न झालं की शाळा?" मी विचारलं. ती एकच पातेलं बराच वेळ घासत राहिली.

धुळ्याचं मैदान मोठं होतं, माती लाल आणि पाणी मारून दाबलेली. भोवती दोरी, दोरीपलीकडे माणसांची गर्दी. मुलींचा खेळ बघायला एवढी माणसं येतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. काही हसायलाच आलेली, पण पहिल्या डावानंतर हसणं थांबलं. सकाळचा सामना आम्ही जिंकलो. शेवटचा सामना धुळ्याच्याच एका शाळेशी होता. आधीच्या सामन्याचा वाद पंचांपुढं रेंगाळला आणि आमचा खेळ सुरू व्हायलाच दुपार कलली. दोन्ही बाजूंचे डाव संपले तेव्हा गुण सारखे झाले. पंचांनी जादा डाव पुकारला. आम्ही आधी पाठलाग केला आणि तीन गडी बाद केले. आता पाठलागाची पाळी त्यांची. मी पहिल्या तिघींत होते. पाणी पिऊन तोंड पुसते तोच दोरीपाशी आबा दिसले. पांढरा फेटा, काखेत कापडात बांधलेलं लुगडं. किती वेळ तिथं उभे होते कोण जाणे. त्यांनी मला विजारीत त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"इंदे, चाल," ते म्हणाले. आवाज खालचा होता, लोकांना ऐकू जाऊ नये असा. "पाव्हणे कव्हाचे बसले आहेत."

"आबा, बरोबरी झाली. आता जादा डाव आहे."

"मंग?"

"मग मला पळायचं आहे."

"मी चाल म्हणू राहिलो न."

आबांना त्याआधी मी कधी नाही म्हटलं नव्हतं. घरात कुणीच म्हणत नसे. मी म्हणाले, "सात मिनिटं, आबा. मग तुम्ही म्हणाल तिथं येते."

तोवर दामले बाई आल्या. आबांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही, पदर नसलेल्या बाईकडं ते पाहत नसत. मातीकडं बघत म्हणाले, "बाई, माझी पोर नेऊ राहिलो मी."

"न्या," बाई म्हणाल्या. "तुमचीच आहे. शिट्टी झाल्यावर न्या." आणि माझ्या दंडाला धरून त्यांनी मला आत ढकललं.

त्या डावाचं वर्णन मला नीट करता येत नाही, कारण मी तो पाहिलेला नाही, मी त्यात होते. पहिली कुसुम बाद झाली, खांबाशी वळताना. मग दुसरी. मी एकटी उरले. मी बाद झाले की आमची बरोबरी होणार आणि पुढच्या तिघी येणार, आणि त्या कच्च्या होत्या. मी बसलेल्या मुलींच्या मधून साखळी घालत पळत होते, एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून. धुळ्याची एक उंच मुलगी होती, तिचे हात लांब. तीनदा तिची बोटं माझ्या पाठीच्या अगदी जवळून गेली, मला वारा लागला. एकदा मी पडले, पडल्या पडल्याच वळले आणि ती माझ्यावरून पुढं गेली. लोक ओरडत होते म्हणे. मला ऐकू आलं नाही. आबा आहेत हेही मी विसरले, शिंदखेडा विसरले, लुगडं विसरले. मग शिट्टी वाजली. मला वाटलं, कुणीतरी चुकीचा खो दिला म्हणून वाजली. मी खांबाला हात लावून परत पळायला उभी राहिले. बाई धावत आल्या, त्यांनी मला धरलं आणि म्हणाल्या, "संपलं, वेडे! संपलं!" मी म्हणाले, "एवढ्यात?"

जिंकल्याची ढाल मी पाहिली नाही. माझ्या मैत्रिणींनी मला उचललं तेव्हा वरून मला दिसलं की आबांच्या शेजारी आणखी दोन माणसं उभी आहेत, रुमाल बांधलेली. ते शिंदखेड्याचे पाहुणे, वाट पाहून कंटाळले आणि मैदान जवळच म्हणून पोर कुठं आहे ते बघायला स्वतःच आले. त्यांनी आबांना विचारलं होतं, पोर कोठे शे? आणि आबांना बोट दाखवावं लागलं होतं. मी खाली उतरून त्यांच्यापुढं गेले, कोपर फुटलेलं, केसांत माती. मुलाच्या चुलत्यांनी मला पायापासून वरपर्यंत पाहिलं आणि आबांना म्हणाले, "आमले वहू पाहिजे, हरणी नही." वहू म्हणजे सून. आसपासची माणसं हसली. चुलते तसे वाईट नव्हते, त्यांना ते विनोदानंच सुचलं असेल. पण आबा हसले नाहीत. त्यांच्या खांद्यावरच्या उपरण्याचं एक टोक त्यांच्या मुठीत होतं आणि ते पिळून दोरीसारखं झालं होतं. "कपडे बदल," ते मला म्हणाले. लुगड्याची गुंडाळी त्यांनी सोडलीच नाही.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी आणि आबा माझ्याशेजारी. पारोळ्याचा किल्ला मागं गेला, एरंडोल मागं गेलं, लुगड्याची गुंडाळी त्यांच्या काखेत तशीच होती. जळगावला अक्काच्या दारात उभं राहूनच त्यांनी माझी पेटी मागितली. अक्का म्हणाली, "अरे, पाणी तरी पी." त्यांनी पाणी प्यायलं, तांब्या ओट्यावर ठेवला आणि मला घेऊन पुढची गाडी धरली. माझी शाळा त्या ओट्यावर संपली.

गावचं ते वर्ष. त्याच्याबद्दल काय लिहू? मायनं मला काही कमी केलं नाही. कपाशी वेचायला नेलं, ज्वारीचे पापड, आमच्याकडचे बिबडे, घालायला बसवलं, भाकरी पातळ कशी थापावी ते पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. पण दिवस म्हणजे दिवस नव्हताच, ती एक भिंत होती. विहिरीवर मोटेचा कुरकुराट चालू व्हायचा, थांबायचा, पुन्हा चालू व्हायचा, आणि मला वाटायचं संध्याकाळ झाली. बाहेर पाहावं तर सावल्या पायाखालीच. जेवणानंतरची दुपार तर अशी की माश्यासुद्धा कंटाळायच्या. मी सारखी दाराकडं बघायची. कुणी येणार होतं असं नाही, पण बघायची. दामले बाई आता काय करत असतील, कुसुमला खांबाशी वळता येतं का आता, असं मनात चालायचं आणि हातातलं काम तिथंच राहायचं. माय म्हणाली, "सांगत होती न मी? फार हसली तू तिथं." मी तिला म्हणाले, "मग पुन्हा हसेन." तिनं माझ्याकडं घाबरून पाहिलं.

आता गंमत ऐका. तेव्हा तो एकेक दिवस डोंगराएवढा वाटे आणि आज त्या अख्ख्या वर्षातलं मला जेमतेम हे एवढंच आठवतं. वर लिहिलं ते संपलं की संपलं. जे वर्ष सरता सरत नव्हतं ते मुठीत धरायला गेलं तर भुसा. आणि जी तीन वर्षं भुर्रकन गेली म्हणून मायनं मला दोष दिला, त्यांच्यावर मी उभा जन्म काढला. मग फसवलं कुणी मला? उडून जाणाऱ्या दिवसांनी की दारात बसलेल्यांनी? प्राध्यापकांना मी हे विचारायला हवं होतं. दुःखात माणूस वेळेच्या बाहेर उभा राहून तिच्याकडं डोळे लावून बसतो, म्हणून ती लांब दिसते. सुखात तो आतच असतो. आत असलेल्याला लांबी कशी दिसणार? एवढं साधं आहे. पण यावरून अलिप्त राहावं हा सल्ला कसा निघतो ते मला कळत नाही. माझ्या मते नेमका उलटा निघतो.

त्या वर्षात मला बघायला लोक येत राहिले. पदर डोक्यावर घेऊन पाटावर बसायचं, नाव सांगायचं, चालून दाखवायचं. पहिल्यांदा आलेल्या बाईंनी विचारलं, "काय काय येतं तुला?" स्वयंपाक, भरतकाम असं काही त्यांना अपेक्षित होतं. मी म्हणाले, "पळता येतं." मायनं मला मागून चिमटा काढला. पुढच्या वेळी दुसऱ्यांनी विचारलं, तेव्हाही मी तेच सांगितलं. खोटं कुठं होतं? ते लोकही निरोप धाडतो म्हणून गेले आणि निरोप आला नाही. मायनं माझ्याशी बोलणं सोडलं. आबा तर धुळ्यापासून बोलतच नव्हते.

अशात अक्का आली. वर्षभरात ती पहिल्यांदाच आली होती. सोबत माझी निळी विजार आणली होती, धुऊन, घडी घालून, आणि ती तिनं कुणाला न विचारता माझ्या पेटीत ठेवली. जेवताना तिनं आबांना विचारलं, "तुले आठवतं का रे, मले तिसरीतून काढलं तव्हा मी शायेच्या दारात लोळण घेतली होती?"

"नाही," आबा म्हणाले.

"तुझ्याबरोबरच हाताले धरून आणलं होतं मले बाबांनी. एका हाताले तू, एका हाताले मी."

"नाही आठवत, अक्का."

"मले आठवतं," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. आबांनी त्या दिवशी ताक न घेताच हात धुतला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहुणे होते. जामनेरकडचे, ऐपतदार, चार माणसं. त्यांतला मुलाचा एक तरणा काका फार बोलका. मी पाटावर बसले. अक्का आणि माय दाराआड. नाव विचारून झालं, चालून झालं. मग तो काका मिशीतल्या मिशीत हसत आबांना म्हणाला, "आम्ही ऐकलं ते खरं का हो? धुळ्याले तुमची पोर म्हणे चड्डी घालून माणसांत पळत होती?"

मी तोंड उघडणार होते, माझं ठरलेलं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. पण आबाच बोलले. त्यांनी फेटा नीट केला, मांडी बदलली आणि सावकाश म्हणाले, "खरं आहे. पळत होती. नऊ पोरी मागं लागल्या होत्या तिच्या. अर्धा घंटा पळली, कोणाच्या हाती लागली नाही. तुमच्या घरात आहे का अशी एखादी? असली तर आणा, मी बघतो."

मी मान वर करून त्यांच्याकडं बघतच राहिले. त्या काकाचं हसू मिशीतच राहिलं. पाहुण्यांनी चहा संपवला, एकानं तो संपवलाही नाही, आणि ते उठले. ते फाटकाबाहेर गेले तसं मायनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, आता कोण करीन इले?" आबा ओसरीवरच उभे होते, पाहुण्यांची बैलगाडी गेली त्या दिशेला बघत. ते म्हणाले, "कोणी करो न करो. तिची पेटी बांध. अक्काबरोबर जाऊ दे." मग जरा थांबून, "मी पोचवून येतो."

पहूरच्या रस्त्यावर, कडुनिंबाखाली, आम्ही तिघं गाडीची वाट बघत उभे होतो. अक्का पेटीवर बसली होती. आबांचे एक ओळखीचे शेतकरी तिथं भेटले, कुठं निघाले म्हणून विचारू लागले. आबांनी त्यांना सांगितलं, पोरीला शाळेत घालायला. आणि विचारलेलं नसताना धुळ्याची गोष्ट सुरू केली. नऊ पोरी, लाल माती, ती उंच पोर, एकदा ही पडली तरी सुटली. त्यांना सगळं दिसलं होतं, मला न दिसलेलंही. "अर्धा घंटा, बरं का," ते म्हणाले. "अर्धा घंटा कोणाच्या हाती नाही लागली."

एस.टी. आली. आम्ही बसलो. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आबा, अर्धा तास नव्हता तो. सात मिनिटं होती. डावच सात मिनिटांचा असतो."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. धुळ्यानंतर त्यांनी माझ्याकडं असं सरळ पहिल्यांदाच पाहिलं.

"तुले काय माहीत?" ते म्हणाले. "तू पळत होती. उभा मी होतो."